रंग बदलण्याआधी गठ्ठे लावा : महानगरपालिकांच्या आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त आणि माहिती-तंत्रज्ञान विभागप्रमुख,
राज्यातील सर्व २९ महानगरपालिका

विषय : संकेतस्थळाच्या निविदेत माहितीच्या मांडणीचे काम स्वतंत्रपणे घालण्याबाबत

महोदय / महोदया,

दर चार-पाच वर्षांनी एक निविदा निघते. जुन्या ठेकेदाराची मुदत संपलेली असते, संकेतस्थळ शिळे दिसू लागलेले असते, आणि मागणीपत्रात तेच शब्द पुन्हा उतरतात : आकर्षक, गतिमान, मोबाइलवर चालणारे, किमान इतकी पाने, दोन भाषा, तीन वर्षांची देखभाल. सहा-आठ महिन्यांनी लोकार्पण होते. रंग बदलतात, मान्यवरांचे फोटो गोल चौकटीतून चौकोनी चौकटीत जातात. आणि वडिलांच्या निधनानंतर घराचे बिल आईच्या नावावर करू पाहणारा माणूस आधी जिथे अडत होता तिथेच अडतो.

त्याची अडचण मांडणीत आहे, आणि मांडणीचे काम निविदेत कोणी मागितलेलेच नसते. ठेकेदार जुना मेनू उचलतो, विभागांना ‘मजकूर द्यावा’ अशी पत्रे पाठवतो आणि जे येईल ते चढवतो. आपल्याकडे काय काय आहे, त्याला काय म्हणायचे, कशाशेजारी ठेवायचे आणि पुढे ते कोणी सांभाळायचे, या चार प्रश्नांच्या कामाला आमच्या धंद्यात माहितीरचना म्हणतात. ती डिझाइनच्या आधी व्हावी, तिचे पैसे वेगळे असावेत, तिची तपासणीही वेगळी असावी, ही या पत्रातली मागणी.

आपल्या कचेऱ्यांना हे कौशल्य नवे नाही. ऐंशीच्या दशकात अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, जिल्हाधिकारी असताना अनिलकुमार लखिना यांनी कार्यालयाची जी घडी बसवली ती ‘लखिना पॅटर्न’ म्हणून राज्यभर ओळखली गेली. टेबलावरचे सहा गठ्ठे प्रत्येक लिपिकाला पाठ असतात : प्रलंबित प्रकरणे, प्रतीक्षाधीन प्रकरणे, नियतकालिके, स्थायी आदेश संचिका, अभिलेख कक्षात पाठवायची प्रकरणे, आणि नष्ट करायची ‘ड’ प्रकरणे. या गठ्ठ्यांची खुबी अशी, की कागद कोणत्या विभागाचा याला तिथे महत्त्व नाही. त्याचे पुढे काय करायचे यावर गठ्ठा ठरतो. म्हणून लिपिक रजेवर गेला तरी शेजारच्याला कागद सापडतो.

आता त्याच कार्यालयाचे संकेतस्थळ उघडून पाहा. पाच वर्षांपूर्वीच्या रक्तदान शिबिराची सूचना आणि आजही लागू असलेला करसवलतीचा ठराव एकाच यादीत, दोघांच्याही पुढे ‘नवीन’ म्हणून लुकलुकणारे चित्र. अभिलेख कक्षात ‘अ’ वर्गाचा कागद कायमचा आणि ‘ड’ वर्गाचा वर्षभराने रद्दीत, असा शिरस्ता आहे. संकेतस्थळावर मात्र सगळेच कागद अमर. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मधल्या कलम ४ (१) (ख) च्या १७ बाबी सगळे प्रसिद्ध करतात. त्याच्या वरच्याच खंडात, (क) मध्ये, अभिलेखांची नीट सूची आणि निर्देशिका ठेवायला सांगितले आहे, त्याची आठवण मात्र क्वचित होते.

मेनू म्हणजे आस्थापना तक्ता नव्हे

बहुतेक महापालिकांच्या मेनूत ‘विभाग’ नावाचा एक लांबच लांब पडदा उघडतो आणि त्यात तीस-चाळीस नावे. ती रचना संस्थेच्या आतून बरोबर आहे, कारण फाइल तशीच फिरते. मेल्विन कॉनवे या संगणकतज्ज्ञाने १९६८ मध्ये मांडले होते, की संस्था जी प्रणाली घडवते तिच्यात संस्थेची अंतर्गत संवादरचनाच उमटते. बाहेरच्या माणसाला ती रचना माहीत असण्याचे कारण नाही. गटार तुंबलेल्याला ‘मलनिःसारण’ सुचत नाही. तो ‘ड्रेनेज’ म्हणतो. घरावर आलेली फांदी तोडायची परवानगी हवी असलेला वृक्ष प्राधिकरणाच्या पानावर चुकूनच पोचतो. दुकानाची पाटी लावायची आहे त्याला ‘परवाना व आकाशचिन्ह विभाग’ वाचून ज्योतिष आठवले तर दोष त्याचा नाही.

म्हणून पहिले काम शब्दांचे. पुण्यात मिळकतकर, मुंबईत मालमत्ता कर, आणि लोकांच्या तोंडी दोन्हीकडे घरपट्टी, नाहीतर नुसते ‘टॅक्स’. एक शब्दसूची करा. प्रत्येक ओळीत एक संकल्पना. पुढे अधिकृत शब्द, लोकांचे शब्द, इंग्रजीतून आलेले पण मराठीत टंकले जाणारे शब्द, नेहमीच्या चुकीच्या वर्तनी, आणि ही ओळ कोणत्या पदाच्या ताब्यात ते. दीडशे-दोनशे ओळींत महापालिकेचा बहुतेक संसार मावतो. एकदा शब्द निवडला की मेनूत, पानाच्या मथळ्यावर, अर्जावर, पावतीवर आणि एसएमएसमध्ये तोच. बाकीचे शब्द शोधपेटीच्या पोटात. कायद्याचा शब्द टाळता येत नसेल तर लोकांचा शब्द त्याच्या शेजारी उघडपणे लिहा : ‘भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी’.

समानार्थी दिसणारे पण समानार्थी नसलेले शब्द जास्त घात करतात. ‘जन्म नोंदणी’ आणि ‘जन्म दाखला’ या दोन वेगळ्या गरजा आहेत. ‘घर नावावर करणे’ याचे तर तीन दरवाजे : दस्त नोंदवायला दुय्यम निबंधक, मिळकत पत्रिकेसाठी नगर भूमापन कार्यालय, आणि कराच्या बिलावरचे नाव बदलायला महापालिका. कराच्या नोंदीत नाव आले म्हणजे मालकी सिद्ध झाली असे होत नाही. हे वाक्य पानाच्या सुरुवातीला हवे. सध्या ते बहुधा अर्जाच्या मागच्या बाजूच्या अटींत असते, आणि माणसाला ते तिसऱ्या खेपेला कळते.

शब्दांचाच एक तांत्रिक पदर आहे आणि तो निविदेत कधीच नसतो, कारण इंग्रजी संकेतस्थळाला ही दुखणी नसतात. ‘ॲप’, ‘ऍप’ आणि ‘अॅप’ हे पडद्यावर जवळजवळ सारखे दिसणारे तीन शब्द संगणकाच्या लेखी तीन निरनिराळ्या अक्षरमालिका आहेत, आणि युनिकोड या अक्षरसंकेत पद्धतीतले नेहमीचे सामान्यीकरण, म्हणजे एकाच अक्षराची निरनिराळी रूपे एका साच्यात आणणे, त्यांना एक करत नाही. ‘कर्मचाऱ्यांचे’ मधला अर्धा र दोन प्रकारे टंकता येतो : वेगळ्या ‘ऱ’ ने, किंवा साध्या र ला हलन्त देऊन पुढे न दिसणारे जोडचिन्ह घालून. एकाने एक वापरला आणि शोधणाऱ्याने दुसरा, की निकाल शून्य. आकड्यांचेही तसेच, देवनागरी ५ आणि इंग्रजी पाच शोधाला एकच वाटले पाहिजेत. ‘पाणीपट्टी’ आणि ‘पाणीपट्टीची’ यांत विभक्तीमुळे पडणारा फरकही शोधयंत्राला शिकवावा लागतो. या चार गोष्टींची चाचणी घेतल्याशिवाय ‘शोधसुविधा पूर्ण’ या बाबीचे देयक मंजूर करू नका.

यादीच्या क्रमाकडेही पाहा. मराठी वर्णमालेत ळ, क्ष, ज्ञ शेवटी येतात. संगणकाच्या मूळ क्रमात ळ हा ल च्या पाठोपाठ येतो आणि क्ष तर क च्या पोटात बसतो. डेटाबेसला मराठी क्रमवारी सांगितली नाही, तर रस्त्यांची किंवा आडनावांची यादी शब्दकोशाप्रमाणे शोधणाऱ्याला दगा देते.

जुना मजकूर हे वेगळेच प्रकरण. कृतिदेव, शिवाजी किंवा सुरेख या जुन्या धर्तीच्या फॉन्टांत टंकलेली कागदपत्रे आतून इंग्रजी अक्षरांची असतात. फॉन्ट नसला की पडद्यावर गिचमीड, आणि शोधात ती कधीच सापडत नाहीत. परिवर्तक वापरून ती युनिकोडमध्ये आणता येतात, पण ऱ्हस्व वेलांटी, रफार आणि जोडाक्षरे हमखास घसरतात, तेव्हा मुद्रितशोधनाचे माणूसदिवस अंदाजपत्रकात धरावे लागतात. आजचे आदेश युनिकोडमध्ये टंकले जातात खरे, पण मग छापून, सही-शिक्का घेऊन, तिरके स्कॅन करून चित्र म्हणून चढवले जातात. सही असलेली प्रत ठेवा, हरकत नाही. तिच्याबरोबर मूळ टंकित मजकूरही पानावर द्या. स्कॅनच करायचे तर ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, आणि सरळ, म्हणजे अक्षरओळखीला काही वाव राहील.

एका सेवेचे एक पान

या सगळ्यात सर्वांत जास्त फळ देणारी गोष्ट म्हणजे सेवेच्या पानाचा ठरलेला साचा. तो नव्याने शोधायचीही गरज नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ प्रमाणे अधिसूचित सेवेची कालमर्यादा, पदनिर्देशित अधिकारी, प्रथम आणि द्वितीय अपील प्राधिकारी हे फलकावर आणि संकेतस्थळावर लावणे बंधनकारक आहेच. ते लावलेले असतेही. पण एका लांबलचक तक्त्यात, तो तक्ता स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये, आणि ती पीडीएफ ‘सेवा हमी’ नावाच्या दुव्यामागे. त्याच तक्त्याची प्रत्येक ओळ फोडून तिचे एक पान करा. रकाने ठरलेले : सेवेचे नाव लोकांच्या शब्दांत, कोणाला लागू, कोणाला लागू नाही, लागणारी कागदपत्रे, शुल्क, मुदत, अर्ज कुठे, जबाबदार पद, अपील कोणाकडे, आणि पान शेवटचे तपासल्याची तारीख. हे रकाने डेटाबेसमध्ये वेगवेगळे साठवा. एका मोठ्या मजकुरात कोंबू नका. वेगळे असले तर शुल्क बदलल्यावर एका जागी बदलते आणि नागरी सुविधा केंद्राच्या पडद्यावर, ॲपमध्ये, व्हॉट्सॲपच्या उत्तरातही तेच दिसते. एका मजकुरात कोंबले तर तीन ठिकाणी तीन शुल्के दिसतात आणि खिडकीवर भांडण होते.

‘कोणाला लागू नाही’ हा रकाना ठेकेदार गाळतात. तो गाळू देऊ नका. जन्माचेच उदाहरण घ्या. नोंद जिथे जन्म झाला तिथे होते, राहत्या पत्त्यावर नाही. बाळंतपण माहेरी झाले असेल तर दाखला माहेरच्या गावच्या निबंधकाकडे. आपल्याकडे किती बाळंतपणे माहेरी होतात हे लक्षात घेतले, तर ही ओळ पानावर सर्वांत वर हवी. रुग्णालयात झालेला जन्म रुग्णालयच कळवते, पालकांना फक्त दाखला हवा असतो. घरी झालेल्या जन्माची खबर २१ दिवसांत द्यायची. त्यानंतर ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क. ३० दिवसांनंतर वर्षाच्या आत लेखी परवानगी. वर्ष उलटले तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश. नावाशिवाय झालेल्या नोंदीत नाव घालणे हे आणखी निराळे काम. हे सारे ‘जन्म-मृत्यू विभाग’ या एका दुव्याखाली पाच अर्जांची यादी म्हणून टाकले, तर कोणता अर्ज आपला हे लोकांना समजत नाही. पानाने आधी दोनच प्रश्न विचारावेत : जन्म कुठे झाला, आणि किती दिवस झाले. पुढची वाट त्यावरून ठरते.

‘नागरिक’, ‘व्यावसायिक’, ‘पर्यटक’ अशी प्रेक्षकवार दारे मात्र करू नका, कितीही आधुनिक दिसली तरी. गृहनिर्माण संस्थेचा सचिव नागरिक की व्यावसायिक? घरी खानावळ चालवणारी बाई? माणूस दारातच अडतो, किंवा दोन्ही दारांमागे तीच पाने ठेवावी लागतात आणि एका बाजूची शिळी होतात. एक अपवाद चालतो. निविदा भरणारे ठेकेदार आणि भरतीची वाट पाहणारे उमेदवार हे खरोखर वेगळे, नेमाने येणारे वाचक आहेत. त्यांना स्वतंत्र जागा द्या. म्हणजे त्यांचा रोजचा रतीब मुखपृष्ठावर सांडणार नाही.

आदेश, ठराव, परिपत्रके

सेवा सोडल्या की उरतो तो कागदांचा डोंगर. त्याला मेनू पुरत नाही, पैलू लागतात. ग्रंथालयशास्त्रज्ञ शि. रा. रंगनाथन यांनी मद्रासमध्ये काम करताना १९३३ मध्ये द्विबिंदू वर्गीकरण मांडले. एक पुस्तक एकाच खणात बसवण्याऐवजी त्याचे वर्णन पैलूंनी करायचे, ही त्यामागची कल्पना, आणि तिच्यात स्थळ आणि काळ हेही पैलू होते. आपल्या कागदांना पाच पैलू पुरे आहेत : प्रकार (ठराव, आदेश, परिपत्रक, जाहीर सूचना), विषय (शब्दसूचीतूनच), ठिकाण, तारीख आणि स्थिती. स्थितीत तीनच नोंदी : लागू, सुधारित, रद्द. ‘सुधारित’ असेल तर कशाने, याचा दुवा सक्तीचा. हा शेवटचा पैलू भरायचा लोक सर्वाधिक कंटाळा करतात, आणि वकिलांपासून कनिष्ठ लिपिकांपर्यंत सगळ्यांना नेमका तोच हवा असतो.

ठिकाणाबाबत एक सापळा आहे. प्रशासकीय विभाग किंवा क्षेत्रीय कार्यालये वेगळी आणि निवडणुकीचे प्रभाग वेगळे. मुंबईत अक्षरांनी ओळखले जाणारे विभाग आहेत आणि निवडणूक प्रभाग २२७. पुण्यात २०१२ ची निवडणूक दोन सदस्यांच्या प्रभागांनी झाली, २०१७ ची चार सदस्यांच्या. म्हणजे ‘प्रभाग १२’ हा पत्ता निवडणुकीगणिक दुसऱ्या वस्तीचा होतो. पानांचे पत्ते, फोल्डर आणि तक्रारींचे वर्गीकरण निवडणूक प्रभागावर कधीही बांधू नका. प्रशासकीय विभाग, त्याखाली पेठ, गाव किंवा वसाहत. आणि निवडणूक प्रभाग ही केवळ वर्षासकट जोडलेली चिठ्ठी.

काम कसे करायचे

आधी मोजदाद. संकेतस्थळावरची सर्व पाने आणि फाइली यंत्राने गोळा करून एका तक्त्यात उतरवा : पत्ता, शीर्षक, प्रकार, विभाग, शेवटचा बदल, वर्षभरातल्या भेटी, निर्णय. निर्णयाचे पर्याय पाच : ठेवा, दुरुस्त करा, दुसऱ्यात मिसळा, अभिलेखात हलवा, काढा. गोळा करण्याचे काम यंत्राचे, निर्णय मात्र माणसाने वाचून घ्यायचा; दिवसाला साठ-सत्तर नोंदींपलीकडे एका माणसाकडून तो धड होत नाही. पाच हजार फाइली असतील तर दोघांना दीड-दोन महिने लागतील, हे आधीच मान्य करा. विभागांना ‘तुमच्या पानांचा निर्णय कळवा’ असे पत्र पाठवून ही यादी पूर्ण होत नाही, सगळ्यांपुढे ‘ठेवा’ येते. तुमचा माणूस, विभागाचा माणूस आणि भेटींचा आकडा, तिघांना एका टेबलावर बसवा.

त्याच काळात मागणी मोजा. शोधपेटीत काय टंकले जाते याच्या नोंदी, तक्रार निवारण कक्षाचे फोन, आणि चौकशी खिडकीवर दोन आठवडे ठेवलेली एक साधी वही. वहीत प्रश्न ज्या शब्दांत विचारला त्याच शब्दांत लिहायचा, सुधारून नाही. प्रवेशद्वारावरच्या सुरक्षारक्षकालाही एक वही द्या. ‘कुठे जायचे’ हा प्रश्न सर्वांत आधी त्यालाच येतो.

मग कार्डे. चाळीस ते साठ कार्डांवर एकेक काम लिहून पंधरा-वीस जणांना त्यांच्या मनाने गट करायला आणि गटाला नाव द्यायला सांगा. त्यांत संस्थांचे सचिव, निवृत्त, दुकानदार, बचत गटाच्या बायका आणि वॉर्डातले लिपिक सगळे हवेत. एकाच वेळी दोनतीनच माणसे बसवा, नाहीतर मोठ्या आवाजाचा माणूस सगळ्यांचे गट करतो. कार्डांवरचे शब्द जपून : पाच कार्डांवर ‘परवाना’ आला की लोक अर्थ न पाहता ती पाच एकत्र ठेवतात, आणि निष्कर्ष कागदावर सुंदर, प्रत्यक्षात खोटा निघतो. कार्डांतून मेनू आयता मिळतो असेही समजू नका. लोकांच्या डोक्यात शेजारी-शेजारी काय आहे एवढे कळते, रचना तुम्हालाच करायची आहे.

रचना झाली की रंग-चित्रांशिवाय, नुसत्या शब्दांच्या झाडावर, म्हणजे मेनू आणि उपमेनूंच्या साध्या यादीवर, तिची परीक्षा घ्या. आठ-दहा कामे, चाळीस-पन्नास माणसे. नागरी सुविधा केंद्राच्या रांगेत मोबाइलवरही होते. प्रश्नात मेनूतला शब्द येता कामा नये. ‘हस्तांतरणासाठी कुठे जाल?’ असे विचारले तर डोळे फक्त शब्द जुळवतात. ‘वडील वारले, पुढचे बिल आईच्या नावाने यायला हवे, कुठे पाहाल?’ असे विचारा. मुख्य कामांत शंभरातले सत्तर जण तरी योग्य जागी पोचले पाहिजेत, आणि चुकलेले पहिल्या टिचकीला कुठे गेले ते नोंदवा. सगळे एकाच चुकीच्या जागी गेले असतील तर ती जागाच त्या कामाचे घर आहे. तुमचा तक्ता काही म्हणो.

निविदेत काय लिहायचे

पानांची संख्या देयकाला जोडू नका. जोडली की पाने वाढतात, आणि मजकूर मिसळणे किंवा काढणे हे ठेकेदाराच्या तोट्याचे होते. मांडणीचा टप्पा वेगळा ठेवा. त्याचे हस्तांतरण म्हणजे मोजदादीचा तक्ता, शब्दसूची, सेवापानांचा साचा, पैलू आणि परीक्षेचा अहवाल. हे स्वीकारल्याशिवाय डिझाइनचा टप्पा सुरू होणार नाही, अशी अट घाला. सर्वांत कमी दराने हा टप्पा देऊ नये. गुणवत्तेला भारांक द्या, नाहीतर शब्दसूचीच्या जागी जुन्या मेनूची प्रत मिळेल.

बहुतेक महापालिकांत कराची प्रणाली एका कंपनीची, पाण्याची दुसऱ्या, बांधकाम परवानगीची तिसऱ्या. प्रत्येकीचा लॉगिन वेगळा, घराला क्रमांक वेगळा, आणि त्याच माणसाच्या नावाची वर्तनी वेगळी. संकेतस्थळाची मांडणी कितीही नीट असली तरी ‘बिल भरा’ दाबल्यावर माणूस अनोळखी घरात पडतो. एका कंत्राटात हे सुटणारे नाही. पण प्रत्येक नव्या कंत्राटात तीन अटी घालता येतात : सर्व तक्त्यांचा आणि रकान्यांचा अर्थकोश महापालिकेच्या मालकीचा, सर्व विदा (डेटा) खुल्या स्वरूपात, विनामूल्य, मागताक्षणी बाहेर काढता येणे, आणि मिळकत क्रमांक हा पाणी जोडणीच्या नोंदीतही सक्तीचा रकाना. तिसरी अट कागदावर क्षुल्लक दिसते. दहा वर्षांनी ‘एका घराची सगळी देणी एका पडद्यावर’ हवी असतील तर ती आजच लागते.

जुने पत्ते तोडू नका. लोक गूगलवरून थेट आतल्या पानावर उतरतात, मुखपृष्ठ पाहतही नाहीत. मोजदादीच्या तक्त्यात ‘नवा पत्ता’ असा रकाना घालून प्रत्येक जुन्या पत्त्यावरून नव्यावर कायमस्वरूपी वळण द्या. सगळे जुने पत्ते मुखपृष्ठावर वळवणे हा आळशी उपाय आहे; माणूस हरवतो आणि गूगलही ते पान गेले असेच धरते. प्रत्येक पानाच्या शीर्षकात शहराचे नाव हवे, कारण शोधनिकालात शेजारच्या चार महापालिकांची ‘जन्म दाखला’ पाने एकाखाली एक येतात.

नंतर कोण सांभाळणार

भारत सरकारच्या संकेतस्थळविषयक मार्गदर्शक तत्त्वांत (पहिली आवृत्ती २००९, तिसरी २०२३) मजकूर कोण देईल, कोण मंजूर करेल, कधी तपासेल आणि कधी अभिलेखात जाईल यांची धोरणे मागितली आहेत. ठेकेदार ती चार पाने तयार मजकुरातून भरतो आणि तळाशी दुवा देतो. राबवायची झाली तर नेहमीच्या कचेरीच्या हत्यारांनीच राबवता येतील. प्रत्येक पानाला मालक म्हणून पद लावा, व्यक्ती नको, कारण बदल्या होतात. कार्यभार हस्तांतरणाच्या यादीत जसे शिक्के, चाव्या, प्रलंबित प्रकरणे असतात, तशी ‘ताब्यातील पाने’ ही एक ओळ घाला. पानाला तपासणीची तारीख द्या : शुल्क आणि मुदत असलेल्या पानांना सहा महिने, बाकीच्यांना वर्ष. तारीख उलटली की पान गुपचूप शिळे होऊ देऊ नका. ‘या पानाची तपासणी बाकी आहे’ अशी पट्टी त्यावर आपोआप दिसू द्या. विभागप्रमुखांना स्मरणपत्रांपेक्षा त्या पट्टीचा जास्त धाक वाटतो.

मुखपृष्ठाचे राजकारण तुम्हाला आमच्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. प्रत्येक विभागाला तिथे चौकट हवी असते, प्रत्येक मोहिमेला पट्टी. नियम एकच टिकतो : चौकटी ठरलेल्या, समजा आठ, नवी आत आली की एक बाहेर, आणि कोणती बाहेर हे तिमाही आकड्यांवर. पावसाळ्यात आपत्कालीन क्रमांक आणि पाणी साचण्याच्या सूचनांना कायमची राखीव जागा द्या, जूनमध्ये ऐनवेळी तिच्यासाठी भांडावे लागू नये. हा नियम आयुक्तांच्या सहीने निघाला तरच माहिती-तंत्रज्ञान विभागाला ‘नाही’ म्हणता येते. त्या विभागातला अभियंता एरवी कोणालाही नाही म्हणू शकत नाही, आणि म्हणूनच ‘महत्त्वाचे दुवे’ या शीर्षकाखाली छत्तीस दुवे साठतात.

इंग्रजी आवृत्तीबद्दल थोडक्यात. मूळ मजकूर मराठीत लिहा. महाराष्ट्र स्थानिक प्राधिकरणे (राजभाषा) अधिनियम, २०२२ झाल्यावर त्यात तर्कवितर्काला जागा उरलेली नाही. इंग्रजीत सेवापाने आधी आणा, ठराव-परिपत्रके मराठीतच राहू द्या. यंत्राने केलेले भाषांतर शब्दसूचीला जोडल्याशिवाय लावू नका, नाहीतर ‘होम’ चे ‘घर’ होते आणि मालमत्ता कर शोधणारा माणूस त्याच्यावरच टिचकी मारतो.

आपले,
माहितीरचनेचे काम करणारे काही जण

ता. क. : कराची छापील बिले नव्या आर्थिक वर्षासाठी छापायला जातात तेव्हा त्यांवरचा क्यूआर कोड कोणत्या पत्त्यावर नेतो ते छपाईआधी तपासा. तो ठेकेदाराच्या सर्व्हरच्या पत्त्यावर नेत असेल तर छपाई थांबवून महापालिकेच्या स्वतःच्या नावाचा छोटा, कायमचा पत्ता घाला आणि तो हवा तिथे वळवा. छापलेली बिले लोकांच्या घरी कपाटात वर्षानुवर्षे राहतात. ठेकेदाराचा पत्ता कंत्राटाबरोबर जातो.